उधारीच्या वहीचं मागचं पान

उद्यमनगरात, दोन लेथच्या मधल्या गाळ्यात
माझं फ्लेक्सचं मशीन.
दहा फुटी. हप्ते अजून चालू.
भिंतीवर टीव्ही ठेवलाय, पण बातमी
टीव्हीवर यायच्या आधी अर्धा तास
गिऱ्हाईक होऊन माझ्याकडं येते.

परवा त्यात एक सूटवाला सांगत होता,
राजकारणातून उद्योजकानं काय शिकावं.
ब्रँड, म्हणाला. पोहोच, म्हणाला.
इर्शाद माउस सोडून हसला :
ताई, ह्याला आपली उधारीची वही पाठवा.

तर वहीतलं सांगते.

मोठ्या चेहऱ्याचे पैसे मोठा चेहरा देत नाही.
खाली बोर्डाच्या काठाला
बांगडीएवढ्या गोलात जी सोळा पोरं असतात,
गॉगलवाली, एक हात कानाला फोन लावलेला,
ती देतात.
मी आधी बिल घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जायची.
चहा मिळायचा. चहा चांगला असायचा.
तीन निवडणुका चहा प्यायले,
मग गोलाचा दर लावला : दोनशे.
गोल जरा वर सरकवायचा असेल तर पन्नास जादा.
पन्नासवालेच जास्त निघाले.

ज्या रात्री साहेबांनी पक्ष बदलला
टीव्हीवर चार खिडक्यांत चौघं
निष्ठा ह्या शब्दावरून भांडत होते.
इर्शादनं फोटो तोच ठेवला, मागचा रंग बदलला.
सात मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं.
चाळीस बोर्ड मात्र जुन्या रंगाचे छापून तयार होते
आणि त्यांचे पैसे कुठल्या पक्षाकडं मागायचे
हे त्या चौघांनी काही सांगितलं नाही.
तेव्हापासून आगाऊ छापत नाही.
माल पडून राहतो. माणूस कुठं राहतोय?

एकदा चॅनेलचा पोरगा आला कॅमेरा घेऊन,
शहर कसं विद्रूप झालंय त्याची बातमी करायला.
माझा गाळा दाखवला, बोर्डासकट, नंबरसकट.
दुसऱ्या दिवशी अकरा ऑर्डरी.
आठवड्यानं तोच आला,
चॅनेलचा वर्धापनदिन होता, वीस बाय दहा.
उधार.

वाढदिवस उधारीवर, श्रद्धांजली रोख.
ह्यातून काय शिकायचं ते मला कळलेलं नाही.
भाव करत नाहीत, एवढंच.
नाव तेवढं नीट लिहा, म्हणतात.

आणि सातापा हुजरे.
फौंड्रीत मोल्डर. कुणी तरी चढवलं म्हणून अपक्ष उभारला,
त्रेचाळीस मतांनी पडला.
पडलेल्याची उधारी मी सोडूनच देते,
तो रस्ता बदलतो, आपण बदलायचा नाही.
हा पुढच्याच सोमवारी आला, सुट्टीच्या दिवशी,
नखांत काळी वाळू,
पाचशेच्या दोन नोटा काउंटरवर ठेवून
पावती मागितली.
असे चौदा महिने.
टीव्हीवर कधीच आला नाही.
त्याच्या वॉर्डात जो निवडून आला
त्याचं पान वहीत अजून उघडंच आहे.

शेवटच्या हप्त्याला म्हणाला,
जुना फ्लेक्स असला तर द्या, गोठ्यावर टाकायला.
मी साहेबांचा मोठा काढून दिला, जुन्या रंगाचा.
नको, म्हणाला, म्हैस बुजायची.
माझाच द्या. ती मला ओळखते.

त्याचा एक सापडला, घडी पडलेला.
खांद्यावर टाकून निघाला तेव्हा विचारलं,
ह्या वेळी उभारणार का?
बघू, म्हणाला. आधी गोठा उभारतो.

मशीन चालू होतं. टीव्हीवर खाली पट्टी पळत होती.
मी वही काढली आणि त्याच्या नावापुढं
पुर्ण लिहिलं.
हा शब्द लिहायची हाताला सवय नाही.
इर्शाद मागून म्हणाला, ताई, पू दीर्घ.
खोडला. पुन्हा लिहिला.