भूलवाल्या मॅडम

सव्वासहाला धायरीहून फोन:
"मॅडम, एक केस आहे. मुहूर्ताची.
सात बेचाळीसच्या आत बाळ बाहेर हवंय."
चहा उकळत असतो. मी गॅस बंद करते.

माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही.
स्कूटरच्या डिकीत पेटी, आणि नऊ नर्सिंग होमांचे जिने पाठ.
वाका. अजून. मांजरीसारखी. हलू नका.
चोवीस वर्षं बायका मला आधी पाठीकडून भेटतात,
चेहरा नंतर, हिरव्या कापडाच्या अलीकडे.
तुम्हाला काय हवं होतं, हे मी विचारायचं नसतं.
मी पोचते तोवर ते ठरलेलं असतं.

बाणेरच्या मधुजाने दोन पानं टाइप करून आणली होती:
उजेड मंद, नवरा उशाशी, कात्री नाही.
एकवीस तासांनी बाळाचे ठोके उतरले
आणि ती पानं ट्रॉलीवर, बेटाडिनच्या वाटीखाली, तपकिरी झाली.
टाके पडताना म्हणाली, "नापास झाले ना मी?"
म्हटलं, "इथे कुणी पेपर तपासत नाही."
बाहेर तिची मावससासू तेच करत बसली होती.

पालिकेच्या प्रसूतिगृहात शेवंता भेटली,
सेंट्रिंगच्या कामावरची, तिसरी खेप.
मी आले होते दुसरीसाठी. तिने माझा गाऊन धरला.
"कापा म्हणावं यांना.
कळांचं काय, त्या मला पाठ आहेत.
पण कापलं की कागदावर लिहून देतात,
दीड महिना ओझं उचलायचं नाही.
नॉर्मलला कोण लिहून देतं?"
कुणी हसलं नाही. कुणी लिहूनही दिलं नाही.
पाऊण तासात सुटली.
सोळाव्या दिवशी वडगावच्या सिग्नलला दिसली,
कडेच्या बांधकामावर, डोक्यावर घमेलं, मान ताठ.
सिग्नल सुटला. मी गेले.

आणि उत्तरा केळशीकर, जिच्याकडे मी आत्ता निघाले आहे:
दहातल्या सात जणींना ती मला बोलावते.
लोक म्हणतात पैसा, लोक म्हणतात शुक्रवारची संध्याकाळ.
असेलही. मीही त्याच पैशांतून लेकीची फी भरते.
पण एकदा ती थांबली होती, दोन तास जास्त.
त्या बाळाचं बारसं झालं नाही.
तेव्हापासून कुणाचं लांबलं की तिचा अंगठा
फोनवर माझ्या नावाशी जाऊन थांबतो.
तिच्या स्वतःच्या वेळी मात्र
पहाटे तीनपासून कॉटची दांडी धरून, घामाने थबथबून,
पेटी उघडून बसलेल्या मला म्हणत राहिली:
"तू हात लावू नकोस. अजून नाही. अजून नाही."
का, ते मी विचारलं नाही.
मुलगा आता बारावीत आहे.

पोटातली ती कळ, भिंतीवरची ती कळ,
आणि वर मोठ्या बायका सांगणार, काढ गं थोडी कळ.
मी फक्त मधलीवर बोट ठेवते.

सात पंचवीस. आजची मुलगी कार्तिकी, तेवीस वर्षांची.
सुई जाते. पाय जड झाले का?
"हो," आणि मग छताला सांगते,
"मला थांबायचं होतं. पण आईंनी तारीख काढून आणली."
उत्तरा ऐकते, आणि कापते.
डोकं वरच राहिलेलं, हाताला येईना.
बाळ रडलं तेव्हा भिंतीवर सात चव्वेचाळीस.
सिस्टर माझ्याकडे बघते,
उत्तरा मान वर न करता टाके घालते,
वहीत लिहिलं जातं: सात एक्केचाळीस.
माझ्या कागदावर मी चव्वेचाळीसच लिहिते.
तो कागद कुणी पत्रिकेला लावत नाही.

"सुटले?" कार्तिकी विचारते.
"सुटलीस," मी म्हणते.
पाय परत यायला अजून तीन तास आहेत.

घरी येते तर चहावर साय धरलेली.
चमच्याने बाजूला सारते
आणि तसाच गार पिते, फोन शेजारी पालथा घालून.