सतरा ज्वेल

गुडघ्याने साथ सोडली ती वेताळ टेकडीवर,
खाणीच्या अलीकडे, झाडं संपून
नुसता मुरूम आणि गवत लागतं तिथे.
बसलो. बसावंच लागलं.

बसल्यावर दिसलं, जमीन उघडी नाहीये.
जमिनीला धरून काहीतरी पसरलंय,
केसाळ बारकी पानं दोन ओळींत,
धावदोरा घालत गेल्यासारखी, मध्येच पिवळं फूल.
याला गोधडी म्हणतात हे नंतर कळलं,
पण हात आधीच तिकडे गेला होता,
झोपलेल्याचं पांघरूण सारखं करायला जातो तसा.

आणि तिच्यावरची धूळ उडाली.
वाऱ्याच्या उलट.

चाळीस वर्षं बुधवारात, फळीएवढ्या दुकानात,
डोळ्याला भिंग लावून बसलोय मी.
दुकान गेलं, भिंग खिशात राहिलं.
पोटावर आडवा झालो.
पळणारी एक मुलगी थांबली, "काका, पडलात का?"
म्हटलं, नाही, बघतोय.

पंख मिटले की करंगळीच्या नखावर मावेल,
वर नख उरेल.
वरून तपकिरी, बशीच्या तळाशी राहिलेल्या चहासारखं.
खालून राखाडी, ठिपकेच ठिपके,
आणि मागच्या पंखाच्या कडेला
नारिंगी कोंदणात काळे थेंब,
थेंबांत हिरवट चमक, आहे-नाही अशी.

आमच्या धंद्यात यांना ज्वेल म्हणतात.
माणकाचे कण. चाकांची टोकं त्यांच्यात फिरतात
आणि झिजत नाहीत.
गिऱ्हाईक दबक्या आवाजात विचारायचं, खरे असतात का हो?
खरेच. पण विकून कटिंग चहा येणार नाही.

पुतणीने फोटो पाहून नाव शोधून दिलं: रत्नमाला.
मी एकटाच हसलो.

मग रोज जात राहिलो.
अंडं, पिनेच्या टोकाएवढं, कळीवर.
अळी कळीच्याच रंगाची, म्हणून तीन दिवस चुकली,
सापडली ती मुंग्यांमुळे.
मुंग्या मागेमागे, राखणीला की दूध काढायला,
त्यांचं त्यांना ठाऊक.
पंख फुटल्यावर चारसहा दिवस, जास्त नाही.
तेवढेही वितीच्या उंचीवर.
इथून अख्खं पुणं दिसतं म्हणतात,
हिने पाहिलेलं नाही.
चावी एकदाच भरलेली.

अनंत चतुर्दशी झाली
आणि माळावर चुन्याच्या फुल्या आल्या.
कुठल्याशा कंपनीची पाचशे रोपं.
फलकावर लिहिलेलं, ओसाड टेकडी हिरवी करूया.
मी गोधडीकडे पाहिलं. सावलीत ती जगत नाही.
ओसाड कोण, हे कुणाला विचारायचं?

टिकाव घेऊन आलेली हौसाबाई गेजगे म्हणाली,
"बाबा, मला खड्ड्यामागं पैसं हायेत.
किड्यामागं न्हाईत."
बरोबर होतं तिचं.
मी भिंग पुढे केलं.
तिने ते आधी पदराला पुसलं,
मग उकिडवी बसून बघत राहिली,
मुकादमाची शिट्टी दोनदा होईपर्यंत.
"हिची पोरं कुठंयत?"
दाखवली.
"आन् ह्या मुंग्या खात न्हाईत तिला?"
नाही म्हटलं.
काही बोलली नाही. भिंग परत दिलं, टिकाव उचलला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर खड्डे झालेले,
दोरी लावून सरळ, माती उपसून लाल.
फक्त एका जागी ओळ वाकडी.
हातभर.
मुकादमाला म्हणे सांगितलं, खाली कातळ लागला.

हातभर गोधडी. बाकी खड्डेच.
याचा हिशेब मला लागत नाही,
मी मिनिटा-सेकंदांचा माणूस.

आज ऊन पडलंय.
एक येऊन बसली आहे,
मागचे पंख एकमेकांवर घासते आहे, वर-खाली, वर-खाली,
बॅलन्सचं चाक हलतं तशी.
सवयीने कान जवळ नेतो.
आवाज नाही.
एक मुंगी माझ्या मिशीवर चढते.