पाठमोरा

भांडण चेहऱ्यावरून होतं.
मुंबईचा नट घेतला तर इकडचे गाड्या अडवणार,
बेंगलोरचा घेतला तर तिकडचे.
इकडचे कोण आणि तिकडचे कोण,
हे बेळगावात आपण कुठं उभे आहोत त्यावर.

फाशी गेलेल्या त्या माणसाचं चित्र कुणाकडंच नाही.
साहेबाच्या दप्तरात म्हणे एवढंच:
उंच, सावळा, डाव्या पायानं जरा अधू.
तरी दोन्ही बाजूंना त्याचं नाक पाठ होतं.

कंपनीचा पोरगा आमच्या यार्डात आला
मिरचीच्या पोत्यांतून शिंकत शिंकत,
म्हणाला, शर्ट काढा सगळे.
अकरा हमाल, भिंतीकडं तोंड.
आम्हाला वाटलं, पोलीस.
त्यानं माझ्या खांद्यावर बोट ठेवलं
आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, मिळाला.

नाव संध्याकाळी विचारलं, व्हौचरसाठी.
मौला नदाफ, म्हटलं.
त्यानं लिहिलं, थोडा वेळ बघितलं, खोडलं,
आणि वर लिहिलं: पाठ, एक नग.

खानापूरच्या रानात सेट.
नट छत्रीखाली,
एका बाजूला कन्नड शिकवणारा मास्तर, दुसऱ्या बाजूला मराठीचा.
दोघांचं एकमेकांशी हिंदीत.
मी खांबाला बांधलेला.
चाबूक सुताचा, पण सुताचाही वळ उठतो.
गोव्याहून आणलेला गोरा साहेब
प्रत्येक फटक्यानंतर हळूच सॉरी म्हणायचा,
ते माईकमध्ये यायचं,
मग परत.
सतरा वेळा.
तेवढ्या वेळात मी देशाबद्दल काही विचार केला असेल
असं पुढं एकानं विचारलं.
मी गॅसच्या सिलिंडरचा हिशेब करत होतो.

रात्री परशराम आला, तालमीतला.
हातात डांबराचा डबा, पोस्टरसाठी.
"अंगाला काय लावुलालास बे?"
हळद, म्हटलं. गोणी घासली.
"आमचा वीर परक्याला करू द्यायचा नाही," असं म्हणत
त्यानं प्रेमानं पाठीवर थाप मारली.
मी ओरडलो, "यव्वा!"
ही कुठल्या भाषेतली आई,
ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी गोकाकहून शिवलिंगाप्पाची माणसं आली,
त्यांचाही डबा तसलाच,
बहुतेक दुकानही तेच.

चार आठवडे चेहरा लागायचा आणि काळा व्हायचा.
मग कंपनीनं शहाणपण केलं.

चन्नम्मा सर्कलजवळ रातोरात
चाळीस फुटांचं पोस्टर उभं राहिलं,
त्यावर फक्त पाठ.
हात बांधलेले, वळ लालभडक,
तोंड पलीकडं, कुठल्यातरी डोंगराकडं.
खाली नाव दोन्ही लिप्यांत, अक्षरं मोजून सारख्या मापाची.
कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

सकाळी परशरामनं हार घातला.
दुपारी शिवलिंगाप्पानं.
क्रेन एकच, भाडं निम्मं निम्मं.
एक बाई पोराला सांगत होती,
बघ, अशी असती वीराची पाठ,
आणि पोरगं विचारत होतं, तो वळतो कधी?

मी समोरच्या गाड्यावर चहा घेत होतो.
उजव्या फऱ्यावर तीळ आहे माझ्या,
तो कढईएवढा झालेला.
आयुष्यात पहिल्यांदा मी माझी पाठ बघितली.
बरी होती.
चहावाल्याला सांगावं असं जिभेवर आलं.
पण मग नाव सांगावं लागलं असतं,
आणि डांबर अजून दोघांकडंही शिल्लक होतं.

साडेअकराला यार्डात ट्रक लागला.
पन्नास किलोची ब्याडगी पाठीवर घेतली
आणि पोस्टरखालूनच गेलो, वाकून,
पोत्याखाली झाकलेला,
हाराच्या पाकळ्या मिरचीवर पडत होत्या.
"ए, बाजूला हो," कोणीतरी ओरडलं,
"फोटोत येऊलालास."