दम

ग्युमरीत फेब्रुवारीच्या थंडीत
दुदुकची जिभली आधी तोंडात धरून ऊब देतात,
चोरलेली खडीसाखर गालात लपवावी तशी.
मानवेल तसाच बसला होता, गप्प,
गेगामच्या शवपेटीच्या पायथ्याशी.

वाजवणारे दोघे.
ह्राचिक चाल वाजवतो. नाव त्याचं.
त्याच्यासाठी गाडी पाठवतात, त्याच्या बोटांकडे बघतात.
मानवेल एक सूर धरतो.
सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एकच,
नाकानं श्वास ओढत, गालांत साठवत,
मध्ये कुठे शिवण दिसू न देता.
त्या सुराला इथं म्हणतात दम.

मी चमकले. हा आपला शब्द
इतक्या लांब, इतक्या बर्फात काय करतोय?
दम धर, भात शिजू दे, म्हणायची आई.
जिन्यात लागायचा तो दम, मास्तर द्यायचे तो दम,
रात्रभर उशीला टेकून बसलेला काकांचा दमा,
सगळे जण चालत आल्यासारखे
दारात बूट झटकत उभे राहिले.

ह्राचिक सुरेख वाजवत होता, खोटं कशाला बोलू,
जर्दाळूच्या लाकडाला पाझर फुटावा असं.
बायका रडल्या. समोरचा दंतवैद्य रडला.
मी, वरच्या मजल्यावरची भाडेकरू,
जिला गेगामचं आडनावही धड येत नव्हतं,
मीही रडले, आणि रडताना मला बरं वाटत होतं.
सिरवार्द रडली नाही.
ती खुर्च्या मोजत होती.
पाव पुरेल ना, विचारत होती.

मग मानवेलचा दम तुटला.
अर्धा क्षण. सर्दी असेल, वय झालंय.
चाल वर तशीच चालू, खालचं मात्र सरकलं,
आणि या गावाला ते लगेच कळतं:
दोघाचौघांनी चटकन छताकडे पाहिलं.
सिरवार्दनं हात पुढे केला,
अंधारात शेजारची उशी चाचपावी तसा.
हात हवेतच राहिला.
तिच्यातून जे बाहेर आलं
त्याला मी रडणं म्हणणार नाही.
तोवर सूर परतला होता. मानवेलनं घाईघाईनं
टाका घालून टाकला होता.

नंतर स्वयंपाकघरात वाद.
संगीतशाळेच्या बाईंनी एक स्वर गुणगुणून दाखवला
(आपला कोमल रिषभ, जवळपास),
म्हणाल्या, इथंच काळजात सुरी फिरते.
ह्राचिक म्हणाला, छे, लाकूड.
बापाच्या अंगणातलं झाड, वीस वर्षं सावलीत सुकवलेलं.
मग दंतवैद्यही काहीतरी म्हणाला, लांबलचक.

सिरवार्द बशा पुसत होती.
"घोरायचा," ती म्हणाली.
"एक्केचाळीस वर्षं. कोपरानं ढोसलं मी त्याला,
कानात कापूस घातला, सासूकडे तक्रार केली.
मंगळवारी पहाटे मला जाग आली.
कशानं आली, ते कळायलाच वेळ लागला."
आणि तिनं पुढची बशी घेतली.

मानवेलला कुणी काही विचारलं नाही.
तो शेगडीपाशी गाल चोळत बसलेला,
ओशाळलेला. चूक झाली होती ना त्याच्याकडून.
मी चहा दिला. मोडक्या रशियनमध्ये विचारलं,
उद्या?
उद्या आर्तिकला लग्न.
आणि तिथं कुठला सूर?

विहिरीला कुणी विचारावं, आज पाणी कुठलं,
तसं पाहिलं त्यानं माझ्याकडे.
"तोच," म्हणाला.
जिभली रुमालात गुंडाळली,
आणि आतल्या खिशात ठेवली, छातीशी,
बाहेर थंडी होती म्हणून.