सहावा

खुशाल गजभियेच्या गॅरेजात, कामठी रोडवर,
गाडी अकरा दिवस जॅकवर.
भंगारातून आणलेला सहाचा गिअरबॉक्स
आधीच्यापेक्षा चार बोटं लांब निघाला.
ब्रॅकेट कापलं, पुन्हा वेल्डिंग केलं,
एक ड्राइव्ह शाफ्ट लेथवाल्याकडं जाऊन आला.
कूलरसमोर बसून मी विचारलं, बसेल ना?
"बसत नसते जी. बसवा लागते."

जुना गिअरबॉक्स गोणपाटावर उपडा.
काळ्या तेलात पितळेचा चुरा,
बाबांच्या घाईचा.

गिअरच्या मुठीवर आकडे जुनेच, पाचापर्यंत,
तळव्यानं निम्मे पुसलेले.
नवी मूठ टाकू का?
"राहू द्या. फक्त वाचू नका तिला.
जिथं रिव्हर्स होता न, तिथं आता सहावा हाय.
मांगं जायचं असन तर हे कडं उचला,
अन् पार डावीकडं."

रात्री वर्धा रोड, बुटीबोरीच्या अलीकडं.
पाचव्यात इंजिन नेहमीसारखं ओरडतंय
(बाबा त्याच्याही वरच्या पट्टीत बोलायचे).
क्लच दाबला. हात उजवीकडं गेला
आणि खाली यायला धजेना.
वीस वर्षं तिथं मागं जाणं होतं.
संत्र्यांचा एक ट्रक पुढं निघून गेला,
मग एक ट्रॅव्हल्स, हॉर्न देत.

ओढला.

काटा तीन हजारांवरून हळूच उतरला,
वेग होता तेवढाच.
इतकं शांत झालं
की डॅशबोर्डच्या कप्प्यात
टोलसाठी ठेवलेली बाबांची सुटी नाणी
वाजताना ऐकू आली.