पाचवी फेरी

कॉलेजच्या पत्रकात माझं नाव नाही.
तिथे आहे तुळजा भोये, पाच हजार मीटर,
आणि खाली, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या
कंपनीचं चिन्ह:
एक घड, दोन पानं.

मी तिच्या पुढे पळते.
पहिल्या चार फेऱ्या वारा मी खायचा,
तिने माझ्या पाठीवर डोळे रोवून यायचं,
मग मी चुन्याच्या रेषेबाहेर व्हायचं
आणि कमरेवर हात ठेवून बघायचं
ती कशी जाते.

जानेवारीत गंगापूर रोडच्या मैदानावर
पहाटे साडेपाचला आपलाच हात आपल्याला परका.
धरणाकडून सरकत आलेलं धुकं
आणि त्यात कुठूनतरी खैरनार सर:
"लहांगे, पंच्याऐंशी! पंच्याऐंशीच्या वर नको!"
घड्याळ त्यांच्या हातात असतं,
टिकटिक माझ्या बरगड्यांत.

तेव्हा दोघींना मिळायची दोन-दोन केळी, एकेक उकडलेलं अंडं.
सोमवारी अंडं नाही, सरांचा उपास.
आणि चौथी संपली तरी मी थांबायचे नाही.
पाय ऐकत नाहीत सर, असं सांगायचे.
पाय ऐकायचे. मीच त्यांना काही बोलायचे नाही.
पाचवीत छाती भाजते,
आणि मागून तुळजाचा श्वास
माझ्या श्वासाच्या खुणेवर पाऊल टाकत येतो,
तेवढ्यासाठी.

जूनपासून तिला महिना आठ हजार सुरू झाले.
पेपरात कुणा साहेबांनी लिहिलं,
पैशाने खेळाडूची भूक मरते.
सरांनी कात्रण वाचून दाखवलं.
तुळजा म्हणाली, साहेबांना विचारा,
हे जेवणाआधी लिहिलं की नंतर?

तिने मेसमधल्या पोळ्या सोडल्या,
रोज संध्याकाळी तीनशे लाटायची.
मनगटं मोकळी झाली, झोप पुरी झाली,
श्रावण संपेपर्यंत फेरीमागे दोन सेकंद गेले.
भूक मेली म्हणे.
मी तर तिला पहिल्यांदाच
वाटी पुढे करून डाळ मागताना पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीला निघताना, निमाणीच्या स्टँडवर,
पेठची गाडी लागली होती,
तिने माझ्या मुठीत नोटा दाबल्या.
"एका फेरीला वीस. मागचे सगळे धरून.
तू पुढे असतेस म्हणून मला मिळतात."
मी नको म्हणाले. परत नको म्हणाले.
तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत कंडक्टरने दोरी ओढली.

करंजाळीला त्यातून धाकट्याचा चष्मा झाला.
फळ्यावर मास्तर लिहितात
हे त्याला सहावीत कळलं.

सुट्टीनंतरचा पहिला सोमवार.
चौथी संपली
आणि मी थांबले.
रेषेवर. नेमकी.
पंपावरचे आकडे शंभरावर थांबतात तशी.

कुणी काही म्हटलं नाही, म्हणण्यासारखं नव्हतंच.
पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी.
ऐंशी रुपये.
त्या महिन्यात मी एकदाही उशिरा गेले नाही.
पूर्वी जायचे. रुसून खोलीत पडून राहायचे.
आता ताप अंगावर घेऊनही गेले,
वही काढली, रकाने आखले.

हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही.
ज्याला म्हणायचंय
त्याने आधी धाकट्याच्या नाकावरून
तो चष्मा उतरवावा.

डिसेंबरात तुळजा विद्यापीठाच्या स्पर्धेला गेली,
सर गेले, घड्याळ गेलं.
मैदानावर मी, आणि झाडूवाल्या मावशी,
त्यासुद्धा फक्त आवाजापुरत्या.
मला यायचं काही कारण नव्हतं.
चार झाल्या. पाय रेषेशी आले,
सवयीने अडखळले,
आणि पुढे गेले.
मागे कुणाचा श्वास नव्हता.
छाती मात्र तीच, तशीच भाजली.
किती सेकंद लागले
ते मावशींनाही माहीत नाही.

महिनाअखेर तुळजा हिशेबाला बसली,
पदक उशाशी, पेन दातात.
एका तारखेवर तिचं बोट थांबलं.
"इथे रकाना रिकामा कसा?"

मी म्हणाले,
त्या दिवशी धुकं फार होतं.