अडीच इंच

निकुंभ साहेब येणार म्हटलं की
आम्ही दवाखाना धुऊन काढायचो.
पिवळी पिशवी पिवळ्या डब्यात, लाल लालमध्ये,
आग विझवायच्या नळकांड्यावरची धूळ पुसलेली,
डॉक्टर खैरनार स्वतः जिन्यात उभे.
चोपड्यात चौदा खाटांची आमची जागा,
खाली बियाण्याचं दुकान, वर आम्ही.
साहेब खिशातून पोलादी टेप काढत,
वॉर्डाच्या दाराला लावत
आणि दर वर्षी तेच लिहीत:
रुंदी अडीच इंच कमी. पूर्तता करावी.

त्या एप्रिलमध्ये ते आले नाहीत.
गच्चीवरचे पत्रे उन्हाने तडतडत होते.
रात्री नऊला फोन.
मी आधीच सांगून टाकलं,
साहेब, नूतनीकरणाचा अर्ज राहिलाय, शिक्का मिळत नाही...
राहू द्या, म्हणाले, मुदत वाढलीय.
भरलेली सिलिंडर किती, रिकामी किती, तेवढं बोला.
अकरा नमुने होते, त्यांचं एक पान केलं त्यांनी.
तेही मी सांगायचं, लिहायचे ते.
पलीकडून पेनाची खरखर ऐकू यायची.
आणि शेवटी, कुठल्याच नमुन्यात नसलेलं:
"जेवनी का वं बहीन?"

एकदा मी खोटं सांगितलं, जेवले म्हणून.
अर्ध्या तासाने खालून हाक आली.
यावलहून केळीची गाडी, तिच्यात नऊ सिलिंडर,
वाळल्या केळपानांत झोपवून आणलेली,
आणि ड्रायव्हरशेजारी साहेब, मांडीवर डबा.
कळण्याची भाकरी, ठेचा.
मी भिंतीला टेकून खाल्लं.
ते तोवर स्टुलावर चढून
तांब्याच्या पाइपाच्या जोडाजोडाला
साबणाचं पाणी लावत होते.
सातव्या जोडावर एक बुडबुडा फुगला.
नीट, सावकाश, लहान मुलाने फुगवावा तसा.
"हाई देख," म्हणाले.
कोणाचं नाव लिहिलं नाही. पाना मागितला.

पण पॅसेजमधल्या खाटेला ते नाही म्हणाले.
खाली रिक्षात धरणगावचे एक बाबा,
त्यांची सून माझ्या पायाशी.
मी फोनवर ओरडले.
साहेब, सगळं सोडलंत, हेही सोडा!
तठे नको, म्हणाले. तो बाहेर पळायचा रस्ता शे.
मी म्हटलं, तुमची टेप घाला चुलीत.
ते काहीच बोलले नाहीत.
मग शिरपूरच्या एका खाटेचा नंबर सांगितला,
दोनदा, हळू, मला लिहिता यावा म्हणून.
रिक्षा गेली.
त्या बाबांचं पुढे काय झालं
मला माहीत नाही.
मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.
पॅसेज रात्रभर रिकामा होता,
आणि मी त्यातून
चाळीस वेळा तरी गेले असेन.

आता साहेब पुन्हा दिवसा येतात, फाइल घेऊन.
केस पांढरे झालेत, टेप तीच.
दाराला लावली, वाकून बघितलं,
अडीच इंच.
लिहिलं.
मी पॅसेजकडे बघत होते, तेही.
चहा थंड होत होता.
जाताना जिन्यात थांबले,
काहीतरी विचारायचं असावं तसे,
आणि नुसतेच खाली उतरले.

नऊ वाजले की अजून
हात फोनकडे जातो.
जेवलेली असते मी.